जिम्नॅस्टिक्समुळे मुलाचे शाळेतील लक्ष आणि वागणे सुधारते का?

आपला मुलगा दुसरीत आहे, तो वर्गात एका जागी बसत नाही, बाईंच्या तक्रारी येतात, आणि जवळच्या क्रीडासंकुलातील जिम्नॅस्टिक्स वर्गाच्या जाहिरातीत ‘एकाग्रता वाढते, गुण वाढतात’ असे म्हटले आहे. ते कितपत खरे मानावे, असा आपला प्रश्न आहे. मी स्वतः लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब शिकवतो, तेव्हा माझे मत अगदी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. माझ्या मते जाहिरातीतील एकाग्रतेच्या दाव्यात बरेच तथ्य आहे. गुणांचा दावा मात्र जाहिरातीपुरताच समजावा.

चंचल मुलाला ‘भरपूर पळू द्या, दमला की शांत बसेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पळणे चांगलेच, परंतु जिम्नॅस्टिक्समध्ये अंग मोकळे करण्याइतकेच महत्त्व थांबण्याला असते. उडी मारल्यावर दोन्ही पाय एकदम मॅटवर टेकवून, गुडघे किंचित वाकवून, एकही पाऊल न हलवता स्थिर उभे राहायचे असते. लहान मुलांना उडीपेक्षा हे थांबणेच अधिक अवघड जाते. बीम, म्हणजे तोल सांभाळत चालण्याचा लांब पट्टा, केवळ 10 सेंटीमीटर रुंद असतो (मुले प्रथम जमिनीवर आखलेल्या रेषेवर आणि मग बुटक्या बीमवर चालतात), त्यामुळे लक्ष दुसरीकडे गेले की तोल जातो आणि ते कोणी ओरडून सांगावे लागत नाही. मल्लखांबावर तर एका वेळी एकच मूल चढते आणि बाकीच्यांना मॅटच्या कडेला बसून आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. मनात आलेली हालचाल रोखून धरणे, तीन-चार क्रियांचा क्रम लक्षात ठेवणे आणि सरांनी क्रम बदलला की लगेच नव्या क्रमाकडे वळणे, या तीन गोष्टींचा सराव येथे आपोआप होतो, आणि वर्गात बसणाऱ्या मुलाकडून शाळेची अपेक्षाही नेमकी हीच असते.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो चूक सुधारून घेण्याचा सराव. ‘गुडघे सरळ’, ‘हनुवटी छातीला’ हे शब्द मुलाच्या कानावर एका तासात अनेकदा पडतात. कोलांटउडी पुन्हा मारायची असते, आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही, कारण शेजारच्या मुलालाही तेच सांगितले जात असते. अशा मुलाला वहीतील लाल शेरा तुलनेने कमी झोंबतो, असे माझे निरीक्षण आहे.

संशोधनाकडे पाहिले तर चित्र संमिश्र आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात 20 मिनिटे मध्यम गतीने चालल्यानंतर मुलांचे लक्ष आणि वाचनाचे आकलन चांगले दिसले; मात्र हा तात्कालिक परिणाम होता आणि तो चालण्याचा होता, जिम्नॅस्टिक्सचा नव्हे. ॲडेल डायमंड आणि कॅथलीन ली यांनी 2011 मध्ये 4 ते 12 वर्षांच्या मुलांना स्वतःवर ताबा ठेवायला मदत करणाऱ्या उपक्रमांचा जो आढावा घेतला, त्यात ज्या मुलांचा स्वतःवरचा ताबा मुळात कमी असतो त्यांनाच अशा सरावाचा सर्वाधिक लाभ होतो आणि आव्हान सतत वाढते राहिले पाहिजे, असे आढळले. याच्या उलट बाजूला कॅव्हेल आणि मॅटसन यांनी 1983 मध्ये 180 अभ्यास एकत्र तपासले होते; तोल आणि हालचालींचे व्यायाम देऊन वाचनातील अडचणी दूर करता येतात, या समजुतीला त्यांत जवळपास काहीच आधार मिळाला नाही. म्हणूनच ‘बीमवर चालल्याने मेंदूचे दोन्ही भाग जोडले जातात आणि पाढे पाठ होतात’ अशा छापाचे दावे करणाऱ्या वर्गापासून मी दूर राहीन.

मुलगा अक्षरे उलटी लिहीत असेल, मोठ्याने वाचताना ओळी गाळत असेल किंवा घरी, शाळेत आणि खेळातही सारखाच अस्थिर असेल, तर आधी डोळे व कान तपासून बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अध्ययन अक्षमतेला (वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचणीला) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे आणि त्यासाठी शाळेत सवलती मिळू शकतात. त्या मिळवायचे सोडून कोलांटउड्यांच्या आशेवर एक वर्ष वाया घालवू नये.

वर्ग निवडण्यापूर्वी एक तास बाहेर बसून पाहावे. मुले रांगेत फार वेळ नुसती उभी राहत असतील, किंवा रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर दाब देऊन स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीवर बसणे) करवून घेतला जात असेल, तर तेथे नाव घालू नये. सात वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत आणि पदकांचा विषय इतक्यात काढू नये. वेळ शक्यतो गृहपाठाच्या आधीची घ्यावी. रात्री उशिराच्या तुकडीमुळे झोप कमी झाली, तर दुसऱ्या दिवशी बाईंची तक्रार वाढेलच. साधारण शाळेच्या एका सत्रानंतर बाईंना ‘सुधारला का?’ असे मोघम न विचारता, तो आता पाळीची वाट पाहतो का आणि हातातले काम पूर्ण केल्याशिवाय उठतो का, एवढेच विचारावे.