'गोस्तिनी द्वोर' म्हणजे अतिथिगृह का?

प्रश्न असा आला आहे: "रशियातल्या अस्त्राखान शहराच्या इतिहासात, सतराव्या शतकात तिथे 'भारतीय अतिथिगृह' होतं असं वाचलं. मूळ रशियन शब्द 'गोस्तिनी द्वोर' असा दिला आहे. एवढ्या लांब आपल्या लोकांसाठी अतिथिगृह कोणी बांधलं? आणि शब्द बरोबर आहे का?"

'अतिथिगृह' हा मराठी शब्द चुकला आहे, आणि चुकला कसा तेही दिसतं. आजच्या रशियनमध्ये 'गोस्त' म्हणजे पाहुणा आणि 'गोस्तिनित्सा' म्हणजे हॉटेल. पण जुन्या रशियनमध्ये 'गोस्त' म्हणजे लांबून माल घेऊन येणारा, परमुलखाशी व्यापार करणारा बडा व्यापारी. मॉस्कोच्या झारांच्या काळात तर तो सर्वांत वरच्या व्यापाऱ्यांचा अधिकृत दर्जाच होता. 'द्वोर' हा आपल्या 'द्वार'चा दूरचा भाऊ, पण रशियनमध्ये तो दारातून आत आला आणि आवार होऊन बसला. तेव्हा 'गोस्तिनी द्वोर' म्हणजे व्यापाऱ्यांचं आवार: भोवती भिंत, आत दुकानं, कोठारं, राहायच्या खोल्या.

आता गाव. व्होल्गा नदी कॅस्पियन समुद्राला मिळते तिथल्या त्रिभुज प्रदेशात अस्त्राखान आहे. मॉस्कोचा झार इव्हान चौथा याने 1556 मध्ये तिथलं तातार राज्य जिंकलं आणि 1558 मध्ये नदीच्या दुसऱ्या काठावर, उंचवट्यावर, लाकडी गढी उभारली. ही रशियाची दक्षिण सरहद्द. 1569 मध्ये तुर्कांनी आणि क्रिमियाच्या तातारांनी शहर घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. मग 1580च्या दशकात विटांचं भक्कम क्रेमलिन बांधलं गेलं. (क्रेमलिन हे सामान्यनाम आहे; मॉस्कोची मक्तेदारी नाही. मराठीत खुशाल बालेकिल्ला म्हणावं.) या बांधकामासाठी विटा आणल्या त्या व्होल्गेवरच्याच जुन्या मोंगल राजधानीच्या अवशेषांतून, आणि त्या राजधानीचं नाव होतं सराय. आपली 'सराई' तीच.

बालेकिल्ल्याला लागून तटबंदीची पेठ होती, तिचं नाव बेली गोरोद, म्हणजे पांढरं शहर. इराणी, आर्मेनियन, बुखारी आणि हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची आवारं या पेठेत. हिंदुस्थानी म्हणजे बहुतेक मुलतान-सिंधकडचे. ते थेट इथून गेलेले नसत. इराणातल्या पेढ्यांमधून कॅस्पियन ओलांडून वर सरकलेले असत. कापड आणि इराणी रेशीम विकायचं, व्याजबट्टा करायचा. रशियन व्यापाऱ्यांना ते इतके खुपले की त्यांनी झारकडे तक्रारी केल्या, आणि पुढे या मंडळींना अस्त्राखानपुरतं बांधून घालणारे हुकूम निघाले.

मग मराठी शब्द कोणता? 'धर्मशाळा' नको, तिथे व्यापार नाही. 'सराई' जवळ येते, पण सराईत माणूस रात्र काढून पुढे जातो. माझं मत 'वखार'. आज वखार म्हटलं की लाकूड नाहीतर कोळसा आठवतो, हे खरं. पण इंग्रजांची राजापूरची वखार, डचांची वेंगुर्ल्याची वखार म्हणताना आपल्याला हेच म्हणायचं असतं: परक्या व्यापाऱ्यांची राहण्याची, माल साठवण्याची आणि विकण्याची एकच जागा. एक फरक मात्र टीपेत द्यावा. 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली तेव्हा इंग्रजांनी आपली वखार स्वतःच्या माणसांनिशी लढवली. त्याच वर्षी उन्हाळ्यात झारविरुद्ध बंड केलेल्या स्तेंका राझिनच्या कोसॅकांनी, म्हणजे सरहद्दीवरच्या लढवय्यांनी, अस्त्राखान घेतलं. तिथल्या हिंदुस्थानी वखारीमागे कुठली कंपनी नव्हती, तोफा नव्हत्या. भरवसा शहराच्या तटावर, आणि तो तटच पडला. शहर पुन्हा झारच्या हाती यायला 1671 चा नोव्हेंबर उजाडला.

'गोस्त' शब्दाचा याहून जुना वापर आपल्या जुन्नरचा आहे. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्होल्गेवरून निघाला. जुन्या अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं, तरी तो चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकला. तिथे त्याने लिहून ठेवलं की हिंदुस्थानात 'गोस्ति' हे 'पोद्वोर्ये'त उतरतात आणि त्यांचं रांधणं यजमानीणबाई करतात. पोद्वोर्ये हा 'द्वोर'चाच नातलग. इथे मात्र वखार चालणार नाही; घरातल्या बाईच्या हातचं जेवण असलेली ती उतारशाळा. 'गोस्ति'चं भाषांतर इथेही पाहुणे नव्हे, परमुलखी व्यापारीच.

'अतिथी' न पटण्याचं आणखी एक कारण म्हणजे ही माणसं परत जायचीच असं नव्हतं. काहींनी तातार बायकांशी घरोबा केला. त्यांच्या वंशजांना अग्रिझान म्हणत, आणि शहरात त्यांची वेगळी वस्ती होती.

सेंट पीटर्सबर्गच्या नेव्स्की रस्त्यावरचं 'गोस्तिनी द्वोर' मात्र तसंच ठेवा. ते आता दुकानांच्या मोठ्या इमारतीचं आणि मेट्रो स्थानकाचं नाव आहे. विशेषनामाला भाषांतर नको.