मुलांवरच्या औषध चाचण्या: सही करण्याआधी

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची, वजन 18 किलो, दमा आहे. नेहमीच्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीत घेऊ का, असं विचारून 22 पानी संमतीपत्र दिलं. सासूबाई म्हणतात, 'पोरीला प्रयोगाचा उंदीर करू नका.' सही करावी का? (एक आई, सिडको, नाशिक)

सासूबाईंची शंका रास्त आहे, पण ती अर्धीच बाजू झाली. मोठ्यांवर पारखलेलं औषध वजनाच्या हिशेबाने कमी करून लेकराला दिलं की भागतं, असं नाही. 1950च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) दिलेली नवजात बाळं राखाडी पडून दगावली. त्यांचं यकृत ते औषध निकामी करून बाहेर टाकण्याइतकं तयारच नव्हतं. म्हणून मुलांसाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

सही मात्र त्याच दिवशी करू नका. कागद घरी आणा आणि पेन्सिल घेऊन बसा. सगळ्यात आधी शोधायचं ते हे: मुलीचा रोजचा स्टेरॉइडचा पंप चालू राहणार की बंद होणार? नवं औषध किंवा प्लासिबो (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं) चालू पंपाच्या जोडीला देणार असतील, तर गोष्ट वेगळी. पंप थांबवून देणार असतील, तर गोष्ट अगदीच वेगळी. काही चाचण्यांत सुरुवातीला जुनं औषध काही दिवस बंद ठेवतात. ते किती दिवस, आणि त्या काळात धाप वाढली तर काय करायचं, हे लेखी हवं. साल्ब्युटामॉलचा (धाप लागली की लगेच आराम देणारा) पंप घरात असू द्यायला आणि लागेल तेव्हा वापरायला मुभा आहे ना, हेही बघा. या प्रश्नांवर डॉक्टर गुळमुळीत बोलले, तर मी सही करणार नाही.

मग शेवटाकडचा भेटींचा तक्ता काढा आणि रक्त काढण्याच्या खुणा मोजा. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण 80 मिली रक्त असतं, म्हणजे तुमच्या मुलीत सुमारे 1,440 मिली. युरोपातला संकेत असा आहे की चाचणीसाठी एका वेळी 1 टक्क्याहून आणि चार आठवड्यांत 3 टक्क्यांहून जास्त रक्त घेऊ नये. तिच्या बाबतीत एका वेळी 14 मिली आणि चार आठवड्यांत 43 मिली. बेरीज त्याच्या आत बसते का, ते स्वतः करून बघा.

लोक चुकतात ते पुढे. रात्री मूल आजारी पडतं, जवळच्या नर्सिंग होममध्ये भरती होतं आणि चाचणीच्या डॉक्टरांना ते पंधरा दिवसांनी, पुढच्या भेटीत कळतं. भरती कशानेही होवो, जुलाब असोत की सायकलवरून पडणं, लगेच कळवा. नवी औषधं आणि चाचण्यांबाबतच्या 2019च्या सरकारी नियमांप्रमाणे अशा गंभीर घटनेची माहिती डॉक्टरांना 24 तासांत केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, प्रायोजक कंपनीकडे (जी चाचणी करवून घेते) आणि एथिक्स कमिटीकडे (चाचणीत भाग घेणाऱ्यांच्या हितावर लक्ष ठेवणारी समिती) पाठवावी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई प्रायोजकाकडून, हेही त्याच नियमांत आहे. चाचणीचं कार्ड (ती चाचणीत आहे हे सांगणारं) मुलीच्या दप्तरात असू द्या. जीवावर बेतलं तर तिला खरं औषध चालू आहे की प्लासिबो, ते उघड करून घेण्याची सोय असते.

कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही आणि त्यापायी नेहमीचे उपचार अडत नाहीत.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा. आम्ही तयार आहोत, तो 'नको' म्हणतो. आमची सही पुरे ना? (सातपूर)

नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 7 ते 11 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार पालकांसमोर घ्यायचा आणि 12 ते 18 वर्षांच्या मुलाचा लेखी. पालकांची संमती याशिवाय, वेगळी. आधी नकार कशाला आहे, ते विचारा. बऱ्याचदा सुईला असतो, औषधाला नसतो, आणि सुन्न करणारं मलम लावून तो प्रश्न सुटतो. 'खेळणं देतो, चल' हा होकार नव्हे.

प्रश्न: चाचणी खरी आहे हे आम्हाला कसं कळावं? (पंचवटी)

संमतीपत्रावर 'सीटीआरआय'ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्यात वर्ष, महिना आणि शेवटी सहा आकडे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियाच्या संकेतस्थळावर तो टाकून शोधा. ते फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. वयोगट तुमच्या मुलाचाच आहे का आणि केंद्रांच्या यादीत नाशिकचं तेच रुग्णालय आहे का, ते पडताळा. यादीत पुणे-मुंबईच असेल, तर 'इथलं नाव का नाही?' असं थेट विचारा. एथिक्स कमिटीचा फोन नंबरही संमतीपत्रावर असायला हवा. तो नुसता बघू नका, एकदा लावून बघा.

प्रश्न: सुरगाण्याकडे आमच्या पाड्यावर मुलांचे दंड मोजले, काहींचं रक्तही घेतलं. आयांचे अंगठे घेतले. हे बरोबर आहे का? (एक शिक्षक)

दंडाचा घेर मोजणं ही कुपोषण शोधण्याची नेहमीची तपासणी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. संशोधनासाठी रक्त घेतलं असेल, तर मात्र नुसता अंगठा पुरत नाही. आई निरक्षर असेल तर सगळी माहिती सांगताना त्या संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा आणि त्याची सही हवी. घरात कोकणा (तिथली आदिवासी बोली) बोलत असतील तर माहिती त्यांना समजेल अशाच बोलीत हवी. भरलेल्या कागदाची एक प्रत घरी द्यावी लागते. आधी ती कुणाकडे आहे का, ते विचारा.

प्रश्न: चाचणीतल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्याही परत का मागतात? (नाशिक रोड)

किती औषध पोटात गेलं, ते घरी भरायच्या डोसच्या डायरीपेक्षा बाटली खरं सांगते. डायरी पुष्कळदा भेटीच्या आदल्या रात्री, एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेली असते. दिसतं ते. डोस चुकला तर कोरं सोडा, खोटं भरू नका.

पावडरचं सिरप असेल तर आधी बाटली आपटून पावडर मोकळी करा. उकळून गार केलेलं पाणी निम्म्यापर्यंत घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसालाच खूण समजलात तर पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं. दर वेळी हलवलं नाही, तर पहिले डोस पातळ जातात आणि तळाचे कडक. चहाचा चमचा नको, सोबतची सिरिंज वापरा.

तापाचं औषध घरून दिलंत तर तेही लिहा, आणि ड्रॉप्स की सिरप ते स्पष्ट लिहा. पॅरासिटामॉल ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिग्रॅ असतं, 125 मिग्रॅच्या सिरपमध्ये 5 मिलीत 125. दहा किलोच्या बाळाला 150 मिग्रॅ म्हणजे सिरप 6 मिली, पण ड्रॉप्स फक्त दीड मिली. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले की डोस चौपट होतो.