‘मॅडम, आता उशीर झालाय का?’

मी समुपदेशक. निवृत्तीच्या आसपासची माणसं माझ्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. कुणाला गाणं शिकायचं असतं, कुणाला गावी जाऊन शेती करायची असते. चित्रकलेची मंडळी मात्र त्यात एक शब्द आवर्जून घालतात. “नुसती हौस म्हणून नाही हं मॅडम, प्रोफेशनल पेंटर व्हायचंय. आता उशीर झालाय का?” मागच्या वर्षी एका काकांनी हेच विचारलं. त्यांच्या परवानगीने त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका ५८ वर्षांचे. भोसरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले. कॉम्प्युटरवर आराखडे काढणारं ऑटोकॅड आलं, ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेला आणि काका परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात. तिथूनच निवृत्त झाले. माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. खरं तर काकूंनी पाठवलं म्हणून. निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी दोन मित्रांबरोबर एका कलादालनात तीन दिवसांचं प्रदर्शन भरवलं होतं. काकांची १८ चित्रं लागली, दोन विकली गेली. एक मेहुण्याने घेतलं, दुसरं साडूने. त्यानंतर ब्रशला हात नाही. उरलेली सोळा बबल रॅपमध्ये गुंडाळून दिवाणाखाली.

पहिल्याच भेटीत त्यांनी मोबाइल काढून उशिरा सुरुवात केलेल्या चित्रकारांची यादी दाखवली. रवींद्रनाथ टागोर साठीनंतर चित्रांकडे वळले, १९३० साली पॅरिसला त्यांचं प्रदर्शन झालं. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस तर सत्तरीनंतर नावारूपाला आल्या. “मग मी का नाही?” असं म्हणाले खरे, पण आवाजात जीव नव्हता. मला ही यादी कधीच फारशी पटत नाही. पॅरिसला दालन मिळालं तेव्हा रवींद्रनाथांना नोबेल मिळून सतरा वर्षं झाली होती. कोथरूडमधल्या माणसाला अशा यादीतून दोन मिनिटं धीर येतो, मग दडपणच वाढतं. त्या यादीतला कामाचा माणूस म्हणजे आंरी रूसो. पॅरिसच्या जकात नाक्यावरचा नोकरदार, १८९३ साली ४९ व्या वर्षी निवृत्त झाला आणि पूर्णवेळ चित्रं काढायला लागला. पेन्शन तुटपुंजी, म्हणून शिकवण्या घ्यायचा. काकांच्या यादीत शिकवण्यांची ओळ नव्हती.

पहिल्या दोन भेटींत माझी गाडी चुकीच्या रुळावर होती, हे कबूल करते. झोपेच्या वेळा, सकाळचं फिरणं, श्वसनाचे व्यायाम. फाइलमध्ये ‘निवृत्तीनंतरची पोकळी’ असं लिहूनही टाकलं होतं. तिसऱ्या वेळी वेळ संपली, काका उठले आणि दारात चप्पल घालता घालता म्हणाले, “प्रदर्शनात एक मुलगी आली होती. आर्ट कॉलेजची असावी. म्हणाली, काका, छान आहे, पण हे ड्रॉइंग वाटतं, पेंटिंग नाही वाटत.” आपल्याकडे खरं बोलणं दारातच होतं. पाहुणे निघाल्यावर अर्धा तास उंबऱ्यात गप्पा मारणाऱ्या शहरात राहून हे मला आधी सुचायला हवं होतं.

पुढच्या वेळी झोपेचा विषय मी काढलाच नाही. म्हटलं, ऑफिसात नेमकं काय करायचात ते सांगा. काका पाऊण तास बोलले. मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगचं पेन, प्रिंट रूममधला अमोनियाचा डोळ्यात जाणारा वास. शाईची रेघ चुकली की दाढीची ब्लेड अर्धी मोडायची आणि तिच्या टोकाने शाई अशी हलकेच खरवडायची की कागदाला कळता कामा नये. शीटच्या खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक. त्यात तीन घरं: ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्हड. “माझी सही कायम पहिल्या घरात. बाकीच्या दोन साहेबांच्या.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांना उशिराची भीती नव्हतीच. उरलेल्या दोन घरांत सही करणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. त्या मुलीने ‘चेक्ड’च्या घरात फुली मारली होती आणि ‘अप्रूव्हड’साठी कागद माझ्या टेबलावर आला होता. मी तसं बोलून दाखवलं. वर हेही सांगितलं की चित्रातलं मला काही कळत नाही, तेव्हा माझी सही तुमच्या उपयोगाची नाही. काका खजील होऊन हसले. “मग कुणाची घेऊ?”

त्यावर लगेच उत्तर न देता आम्ही आधी हिशोबाला बसलो. ज्या माणसाला कास्टिंगचा किलोमागचा दर तोंडपाठ, त्याने स्वतःच्या चित्राचं कॉस्टिंग कधी केलंच नव्हतं. जाड कॉटन पेपर, रंग, फ्रेम, हॉलचं भाडं, पत्रिका, उद्घाटनाचा चहा-नाश्ता असं सगळं मांडलं तर एका चित्रामागे तीन हजारांच्या आसपास गेले होते. किंमत लावली होती १५,०००. का? मित्राने लावली म्हणून. गॅलरीमार्फत विकलं तर किमतीचा तिसरा हिस्सा, कुठे निम्मीसुद्धा रक्कम कमिशनमध्ये जाते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ईपीएसची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन पाच हजारांच्या आत, कारण त्या योजनेत साधारणपणे १५,००० पर्यंतचाच पगार धरतात. काकू शिक्षिका, त्यांची चार वर्षं बाकी. म्हणून ठरलं असं, की तीन वर्षं चित्रांकडून घरखर्चाची अपेक्षा ठेवायची नाही, त्यांनी फक्त आपला कागद आणि रंग कमवायचा. फंडाला हात लावायचा नाही. आणि रूसोसारख्या शिकवण्या घ्यायच्या. शाळकरी मुलांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना भूमिती आणि अक्षरलेखन असतं, मुलं त्यालाच घाबरतात. तिथे काका राजे. प्रत्येकाला हे गणित असंच बसणार नाही, पण वही घेऊन बसल्याशिवाय नोकरी सोडू नका, एवढं मी चाळिशीतल्यांना बजावून सांगते.

सहीचं उत्तर मग सापडलं. चित्र काढणाऱ्याला दाखवा, नातेवाइकांना नको. रविवारी सकाळी बाहेर बसून चित्रं काढणारा एक गट त्यांनी शोधला. शिकवणारा मुलगा तिशीच्या आतला. काका त्याला सर म्हणायचे, तो त्यांना काका.

तीन आठवड्यांनी आले ते तणतणत. “त्या पोराने माझ्या चित्रात स्वतःचा ब्रश घातला! विचारणं नाही, काही नाही. भिंतीची कड ओल्या ब्रशने सरळ पुसून टाकली. दीड तास लागला होता मला ती कड काढायला.”

“मग?”

“मग काय.” बराच वेळ गप्प. “बरं दिसायला लागलं.”

उशिरा सुरू करणाऱ्यांचं मला दिसणारं खरं अवघड काम हेच. हाताला वळण लागतं, पन्नाशीतही लागतं. पण तीस-पस्तीस वर्षं खात्यात ज्याचा शब्द चालला, त्याने मुलाच्या वयाच्या माणसासमोर कच्चं काम ठेवायचं आणि पुढच्या रविवारी परत जायचं. माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेच जण इथेच गळाले. काका दोन रविवार गेले नाहीत, तिसऱ्या रविवारी गेले.

पुढे त्या सरांनीच सांगितलं, धुकं आणि नदीकाठ सोडा, तुम्हाला जे कळतं ते काढा. काका कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन बसायला लागले. तिथे तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. हातोडीच्या ठोक्याठोक्याने पत्र्यावर बारीक खळगे उमटत जातात आणि प्रत्येक खळगा उजेड वेगळा झेलतो. पत्रा कसा वळतो, कुठे ताण घेतो, हे काकांना आतून माहीत. घंगाळाचं चित्र त्यांनी मला आणून दाखवलं. भांड्याच्या कडा रंगात विरघळलेल्या, आणि खळग्यांवर बारीक पांढऱ्या ठिणग्या. मी विचारलं, हा पांढरा रंग कसा इतका नेमका लावला? काका खुलले. “लावला नाही, काढला. रंग पूर्ण वाळू दिला आणि अर्ध्या ब्लेडने खरवडला. खालचा कागद वर आला.”

सहा महिन्यांत पाच चित्रं गेली. किंमत ४,५००, स्वतः हिशोब करून लावलेली. घेणाऱ्यांत नातेवाईक एकच, तोही भाव करणारा. शिकवण्यांच्या दोन बॅचेस चालू आहेत. जेवणाचं टेबल कायमचं रंगांनी बळकावलंय, यावर काकूंची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. झोपेबद्दल मी मागच्या महिन्यात विचारलं तर म्हणाले, “अरे हो, लागते की.”

त्याच भेटीत त्यांनी एक नवं, मोठं चित्र आणलं होतं. भांडं मठारत बसलेले कारागीर. मी वाहवा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, “हे अजून झालं नाहीये. काल त्यांनाच दाखवलं. म्हणाले, भांडं झकास, पण हातोडी इतकी लांबून धरत नाहीत, मनगट जाईल.” आणि चित्र गुंडाळून पुन्हा नळीत सरकवलं. मंगळवारी ते परत कसबा पेठेत जाणार होते.