वाचकांचे प्रश्न: एपी लिटमध्ये सहापैकी तीनच का मिळतात?

प्रश्न: ताई, माझी मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, एपी इंग्लिश लिटरेचर (हायस्कूलमध्येच शिकवतात तो कॉलेजच्या पातळीचा साहित्याचा कोर्स) घेतलंय, मे महिन्यात परीक्षा. वाचायची आवड दांडगी, लहानपणापासून लायब्ररीतून पिशव्या भरभरून पुस्तकं आणायची, पण शाळेत टीचर जे प्रॅक्टिस निबंध लिहून घेतात त्यात बघावं तेव्हा सहापैकी तीन. सिमिली, मेटाफर, अलिटरेशन, सगळे अलंकार ओळखता येतात, फ्लॅशकार्ड्सचा गठ्ठा केलाय. मी साताऱ्याची, मराठी मीडियम, इंग्लिश कवितेत मी हिला काय डोंबल मदत करणार? ट्यूटर लावू का?
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: ट्यूटरचं नंतर बघू, आधी ते तीन मार्क येतात कुठून ते बघा. प्रत्येक निबंधाला सहा मार्क. एक थीसिसचा, म्हणजे तुझं म्हणणं काय ते नीट मांडलंस की नाही, चार पुरावे आणि त्यावरच्या भाष्याचे, आणि उरलेला एक सोफिस्टिकेशनचा, म्हणजे विचारातल्या खोलीचा. तीनवर अडकलेल्या मुलांचं बहुतेक वेळा असं असतं की थीसिसचा एक मिळतो, पुराव्यांच्या चारातले दोन मिळतात, आणि तिथेच गाडी थांबते, कारण ओळी उचलून दाखवल्या, अलंकाराचं नाव सांगितलं, पण त्याने कवितेत काय घडलं आणि ते तुझ्या म्हणण्याला कसं जोडलं जातं हे लिहिलंच नाही.

आणि इथे तुमचं साताऱ्याचं मराठी मीडियम कामाला येतं बरं का. तुम्ही शाळेत कवितेचं रसग्रहण लिहिलंच असणार. आपण काय लिहायचो, यमक छान साधलंय, चेतनगुणोक्ती अलंकार आहे, शब्दयोजना समर्पक आहे, झालं, पुढचा प्रश्न. तुमची लेक इंग्लिशमध्ये नेमकं हेच करतेय.

बालकवींचा ‘औदुंबर’ आठवा. जेमतेम आठ ओळी. ‘औदुंबर पाय टाकून बसलाय, म्हणून चेतनगुणोक्ती’ हे झालं तीन मार्कांचं वाक्य. आता जरा हळू वाचा. झरा वाहतोय, पायवाट चाललीय, काळिमा लाटांवर पसरतोय, म्हणजे सगळं हलतंय, आणि शेवटच्या ओळीत एकटा औदुंबर तेवढा बसलाय. मग रंग बघा. आधी हिरवाळी, निळासावळा झरा, मग पांढरी पायवाट, आणि ती वाट हिरव्या कुरणांतून जाते कुठे तर काळ्या डोहाकडे. वस्तीकडून आपल्याला अंधाराकडे नेलंय पण घाबरवलेलं नाही, कारण त्या काळिम्याला कवीने ‘गोड’ म्हटलंय. आता तो पाय सोडून बसलेला औदुंबर नुसता अलंकार राहतो का? त्या अंधाराशी त्याचं जमलंय! ‘कवी आपल्याला वस्तीकडून काळोखाकडे नेतो आणि तो काळोख भयाण न करता ओढ लावणारा करतो’ हा झाला थीसिस, आणि क्रियापदं, रंग, ‘गोड’ हा एक शब्द, हे सगळे पुरावे आपोआप त्याच्यामागे ओळीने उभे राहतात. तपासणाऱ्याला एवढंच हवं असतं.

तर तुम्ही करायचं काय, आठवड्यातून एकदा तिने एक इंग्लिश कविता घ्यायची आणि तुम्हाला मराठीत सांगायची, कोण बोलतंय, कोणाशी, आणि सूर कुठे बदलतो. तुम्ही फक्त ‘बरं, मग त्याने काय झालं?’ विचारत राहायचं, ती वैतागेल, वैतागू दे, उत्तर मिळेपर्यंत विचारा. त्यासाठी तुम्हाला इंग्लिश कविता यायची गरज नाही. नंतर तिने तेच इंग्लिशमध्ये टाइप करायचं, चाळीस मिनिटांचं घड्याळ लावून. टाइपच म्हणतेय, कारण 2025 पासून हा पेपर कागदावर नाही, कॉम्प्युटरवर ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये होतो.

बाकी पेपरचा सांगाडा असा, पहिल्या तासात 55 बहुपर्यायी प्रश्न, त्यांचं वजन 45 टक्के, मग दोन तासांत तीन निबंध, एक कवितेवर, एक कथा-कादंबरीतल्या उताऱ्यावर आणि एक स्वतः वाचलेल्या पुस्तकावर, त्यांचं 55 टक्के. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, हे आपल्या जेईई-छाप घरांत मुद्दाम सांगावं लागतं, मुलं उगाच प्रश्न कोरे सोडतात.

सोफिस्टिकेशनच्या मार्काच्या मागे मात्र लागू नका. तो जड जड शब्द पेरून मिळत नाही, उलट वाक्यं अडखळायला लागतात. आणि ट्यूटर लावायचाच असेल तर तिचा निबंध वाचून परिच्छेदागणिक ‘इथे भाष्य नाही’ असं खूण करून सांगणारा लावा, साच्यातला पाच परिच्छेदांचा निबंध पाठ करून घेणारा नको, त्यापेक्षा पैसे वाचवा. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे प्रश्न, मुलांनी लिहिलेले खरे निबंध आणि त्यांना तेवढेच मार्क का दिले याचं स्पष्टीकरण फुकट आहे. एकाच प्रश्नाचा कमी मार्कांचा आणि जास्त मार्कांचा निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा तिला.

प्रश्न: मावशी, तिसऱ्या निबंधात प्रश्नाखालच्या यादीतलं पुस्तक नाही घेतलं आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर लिहिलं तर चालेल? आजीबरोबर व्हिडिओवर बघितलंय, खूप आवडलं.
– बारावीतला एक वाचक, डॅलस

उत्तर: चालतं रे. यादी नुसती सुचवण्यापुरती असते, स्वतः वाचलेलं दुसरं पुस्तक किंवा नाटक घ्यायची मुभा प्रश्नातच दिलेली असते. पण व्हिडिओवर भागवू नकोस, प्रिया आडारकरांचं इंग्लिश भाषांतर मिळवून वाच, शक्य असेल तर आजीकडून मराठीही वाचून घे.

एक धोका सांगते. तपासणारे असतात तिथले हायस्कूलचे आणि कॉलेजचे शिक्षक, त्यांना नाटकातल्या बेणारेबाई माहीत असतीलच असं नाही, मग त्यांना समजावून सांगता सांगता मुलं अख्खी गोष्ट सांगत बसतात, आणि नुसतं कथानक सांगू नका ही तर प्रश्नातलीच सूचना असते. म्हणून ओळख दोन वाक्यांत संपव: वेळ घालवायला नाटकमंडळी खोटा खटला भरवतात आणि खेळता खेळता बेणारेबाईंचं खरं आयुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. पुढे सगळं मुद्द्याला धरून. परीक्षेत पुस्तक जवळ नसतं, तेव्हा वाक्यं पाठ करण्यापेक्षा बारीक गोष्टी लक्षात ठेव. शेवटी बेणारे निपचित पडलेली असताना त्या गावातला सामंत हळूच तिच्याजवळ हिरवा कापडी पोपट ठेवतो, बाकीच्यांना खेळ संपला की संपलं, ह्या एकट्याला काहीतरी करावंसं वाटलं, पण त्याच्याने झालं ते एवढंच. ह्या एका गोष्टीवर अख्खा परिच्छेद होतो, प्रश्न न्यायावर येवो नाहीतर एकटेपणावर.

आणि जोडीला वर्गात शिकवलेली दोन-तीन पुस्तकं पक्की ठेव. दरवर्षी प्रश्न वेगळा येतो, ओढूनताणून बसवलेलं नाटक लगेच कळतं.

प्रश्न: मुलगा इंजिनीअरिंगला जाणार आहे, मग एपी लिटचा फायदा काय?
– एक बाबा, सिएटल

उत्तर: ते कॉलेजवर आहे. कुठे परीक्षेत पाचपैकी 4 किंवा 5 आले की इंग्लिशचं क्रेडिट देतात, कुठे नुसतं वरच्या कोर्सला बसवतात, कुठे काहीच नाही. कॉलेज बोर्डाच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकून बघता येतं, पण शेवटी कॉलेजच्या स्वतःच्या पानावर लिहिलेलं खरं धरा. आणि मुलाला विषय आवडतोय का तेही विचारा एकदा, पत्रात तुम्ही ते लिहिलेलंच नाही.