पोरगं गँगचे पिक्चर बघतंय, बिघडणार का?

"मॅडम, पोरगं हातातनं चाललंय बघा," दहावीतल्या रोहितची (नाव बदललंय) आई आत येता येताच म्हणाली. निमित्त एका पिक्चरचं. 'द आउटसायडर्स' पुन्हा पुन्हा बघतो, केस मागे चोपून बसवतो, अभ्यासाच्या नावानं शिमगा. मोबाइल काढून घेऊ का? हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. पिक्चरचं नाव तेवढं बदलतं.

फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा 1983 चा हा सिनेमा अमेरिकेतल्या टल्सा शहरातल्या दोन टोळ्यांचा: गरीब वस्तीतले ग्रीझर्स आणि पैसेवाल्या घरचे सोशेस. मूळ कादंबरी 1967 ची. एस. ई. हिंटन यांनी ती शाळेत असतानाच लिहायला घेतली होती. म्हणूनच की काय, त्यातली पोरं पोरांसारखीच वागतात.

आईच्या नजरेत फक्त मारामारी भरली होती. रोहितला विचारलं, "कुठला सीन परत परत लावतोस?" दोन पोरं पडक्या चर्चमध्ये लपतात, केस कापतात, पुस्तक वाचत बसतात, तो. "तिथं त्यांना कोण गाठत नाही." मग जरा थांबून, "त्यातला जॉनी चाकू ठेवतो ते हाणायला नाही मॅडम. त्याला आधी लई मारलेलं असतं."

राड्याची हौस असलेलं पोरगं असं बोलत नाही. मी विचारलं, "शाळेतनं घरी कुठल्या वाटेनं जातोस?"

बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं. कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरच्या एका फुटबॉल मॅचनंतर दुसऱ्या पेठेतल्या पोरांशी खुन्नस झालेली. त्यांनी याचा फोटो स्टेटसला लावून धमकी दिलेली. आपल्याकडे फुटबॉलची ईर्ष्या नवी नाही, तिचं कौतुकही होतं; हा मात्र रोज वळसा घालून घरी येत होता. दप्तरात, कंपासपेटीखाली, लोखंडी फायटर, बोटांत अडकवून ठोसा मारायचं हत्यार. हे घरी सांगावं लागेल, असं त्याला तिथंच सांगितलं. चिडला, पण उठून गेला नाही.

मोबाइल काढून घेतला असता तर धमक्या चालूच राहिल्या असत्या आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. वडिलांनी स्क्रीनशॉट जपून ठेवले, वर्गशिक्षकांना भेटले, दोन्हीकडच्या तालमींतल्या (आपल्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचेच) जुन्या माणसांना घेऊन बसले. काही दिवस मामा सोडायला-आणायला. फायटर रोहितनं स्वतःच वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तेव्हा हात उचलला नाही. त्यासाठी आदल्या दिवशी मला तासभर त्यांच्याशी वाद घालावा लागला होता, ते असो.

पिक्चर तो अजून बघतो. आता आईही शेजारी बसते आणि तिची तक्रार बदललीय: "खालची अक्षरं लई पळत्यात हो!"