अमेरिकेतली फेडरल (म्हणजे केंद्र सरकारची) नोकरशाही कशी रचलेली आहे? कोणती एजन्सी काय करते?

नुसती यादी हवी असेल तर ती कुठेही मिळेल. १५ खाती आहेत, प्रत्येकावर अध्यक्षांनी नेमलेला आणि सिनेटने मंजूर केलेला प्रमुख. त्याशिवाय नासासारख्या स्वतंत्र एजन्सी, शेअर बाजारावर लक्ष ठेवणारं एसईसीसारखं कमिशन, आणि टपालसेवेसारख्या मुख्यतः स्वतःच्या कमाईवर चालणाऱ्या संस्था. पण ही यादी पाठ करून हाती काही लागत नाही. कोणाचा पैसा कुठून येतो ते बघा, म्हणजे रचना कळेल.

मी नॅशनल वेदर सर्व्हिसमध्ये हवामानाचा अंदाज देण्याचं काम करते. आम्ही नोआ या समुद्र आणि हवामान बघणाऱ्या एजन्सीत मोडतो आणि नोआ वाणिज्य खात्यात. १८७० मध्ये हे काम लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होतं, पुढे शेती खात्याकडे गेलं आणि १९४० मध्ये वाणिज्यकडे आलं. तसंच, राष्ट्रीय उद्यानं इंटिरिअर (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या) खात्याकडे, पण राष्ट्रीय वनं शेती खात्याकडे. यात तर्क शोधू नका, इतिहास शोधा.

आता पैशाचं. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असं ३५ दिवस सरकार बंद होतं. बंद म्हणजे नऊ खात्यांचं बजेट मंजूर झालं नव्हतं. संरक्षण खात्याचं आधीच झालेलं, म्हणून नौदलाला पगार मिळाला. कोस्ट गार्ड होमलँड सिक्युरिटीत (अंतर्गत सुरक्षा खात्यात) येतं, म्हणून त्यांना वेळेवर मिळाला नाही. टपाल चालू, कारण त्यांची कमाई तिकिटांची. सोशल सिक्युरिटीचे (मुख्यतः निवृत्तांच्या पेन्शनचे) पैसेही येत राहिले, कारण त्यांना दरवर्षीची मंजुरी लागत नाही. आम्ही वाणिज्यवाले बिनपगारी कामावर.

त्याच जानेवारीत वॉशिंग्टन परिसरात मोठा बर्फ पडला. रात्रपाळ्या करून मी संक्रांतीला दिरांकडे तिळगूळ द्यायला गेले, तर सगळ्यांसमोर भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही सरकारी जावई. सरकार बंद पडलं तरी काय अडलं? बर्फाचं माझ्या ॲपवर दोन दिवस आधीच आलं होतं." मी तिथल्या तिथे विचारलं, ॲपवाल्यांचं रडार कुठे आहे, दाखवा. रडारचं जाळं सरकारी, उपग्रह सरकारी, रोज दोनदा फुगे सोडणारी माणसं सरकारी. ही सगळी माहिती फुकट खुली असते, ॲपवाले तीच घेऊन त्यावर आपलं काम करतात. पैसे न घेता रात्रभर बसलेल्या माणसांच्या जोरावर तो इशारा त्यांच्या फोनवर पोचला होता. भाऊजींनी विषय बदलला, पण पटलं असं आजवर म्हटलेलं नाही. पगार नंतर मागच्या तारखेपासून मिळाला. त्या काळात घराचा हप्ता आणि पाळणाघराचे पैसे कसे भरले ते मात्र कोणी विचारलं नाही.

भाऊजींचा दुसरा लाडका मुद्दा, "इथे सगळे वशिल्याचे." तेही खोटं. अध्यक्ष बदलला की बदलतात ती राजकीय पदं साधारण ४,०००. बाकीची वीस लाखांहून जास्त माणसं पक्ष न बघता भरलेली असतात. १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या एकाने अध्यक्ष गारफिल्डवर गोळी झाडली, त्यानंतर १८८३ चा पेंडलटन कायदा आला आणि पात्रतेवर भरती सुरू झाली. या माणसांपैकी बहुसंख्य वॉशिंग्टनबाहेर काम करतात: विमानतळावर, इस्पितळात, सरहद्दीवर, कत्तलखान्यात मांस तपासताना.

सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या फायलीला बहुतेक वेळा कामगार खातं, होमलँड सिक्युरिटी आणि बऱ्याचदा परराष्ट्र खातं अशा तीन ठिकाणी फिरावं लागतं, आणि त्यात माणूस पिचतो हे मी घरात पाहिलंय. २०२५ मध्ये मोठी नोकरकपातही झाली, त्यामुळे जुने आकडे वापरताना जपून. आणि फेडरल नोकरीचा विचार असेल तर बहुतेक जागांना नागरिकत्व लागतं, हे आधीच लक्षात घ्या.

शिवाय ड्रायव्हिंग लायसन्सची रांग, शाळा, मालमत्ता कर हे फेडरल सरकारकडे येतच नाही; ते राज्य आणि काउंटी (जिल्ह्यासारखी स्थानिक सरकारं) बघतात. भाऊजी लायसन्सच्या रांगेत तीन तास उभे राहिले त्याचा रागही माझ्यावरच काढतात. तुम्ही तक्रार करायला जाल तेव्हा ते ऑफिस कोणाच्या हाताखाली येतं, एवढं आधी बघून घ्या.