विंडोज बदलल्याने एडिटिंगचा वेग वाढेल का? १८,००० रुपये देण्यापूर्वी

आपण नाशिकला इंदिरानगरमध्ये घरूनच लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करता. आपला संगणक सातव्या पिढीच्या इंटेल आय-७ प्रोसेसरचा असून त्यात १६ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज १० आहे. फोर-के फुटेज टाइमलाइनवर अडखळते आणि एक्स्पोर्टला रात्र जाते, म्हणून दुकानदाराने विंडोज ११ चे लायसन्स व इन्स्टॉलेशन १८,००० रुपयांत, किंवा नवा संगणक १,६०,००० रुपयांत हप्त्यांवर सुचवला आहे. यातले काय निवडावे, हा आपला प्रश्न आहे.

१८,००० रुपयांचा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज १० वरून ११ वर जाणे पात्र संगणकांसाठी मोफत असते आणि पूर्वीचे अधिकृत लायसन्सच पुढे चालते. आपला संगणक मात्र मायक्रोसॉफ्टच्या पात्रतेच्या यादीत बसत नाही, कारण तेथे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) लागते. आडमार्गाने विंडोज ११ बसवता येते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय नव्या संगणकाबरोबर विंडोज बहुधा येतेच, त्यामुळे आज दिलेली ही रक्कम जुन्या यंत्राबरोबरच संपेल.

वेगाच्या बाबतीतही अपेक्षा मर्यादित ठेवावी. बाराव्या पिढीपासून इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात आणि त्यांच्यात काम वाटण्याचे तंत्र विंडोज ११ मध्ये अधिक चांगले आहे. आपल्या प्रोसेसरमध्ये सगळे कोअर एकाच प्रकारचे असल्याने तो लाभ येथे संभवत नाही. आपल्याला सहकारी छायाचित्रकारांकडून एच.२६५ स्वरूपातील १० बिट, ४:२:२ फुटेज (फार दाबून साठवलेले, पण रंगांची जास्त माहिती असलेले) येते, आणि खरी अडचण तेथेच असावी. असे फुटेज उलगडण्याची सोय आपल्या ग्राफिक्स कार्डाच्या किंवा सातव्या पिढीच्या प्रोसेसरच्या हार्डवेअरमध्ये नाही, त्यामुळे सारा भार प्रोसेसरच्या सामान्य कोअरवर पडतो, आणि कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम ही उणीव भरून काढू शकत नाही.

हे स्वतः पडताळून पाहावे. टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स हा भाग उघडा ठेवून, नेहमी अडखळणारी टाइमलाइन चालवावी. प्रोसेसर १०० टक्क्यांवर टेकत असेल तर दोष बहुधा फुटेजच्या स्वरूपाचा आहे. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर हार्ड डिस्क कमी पडते. मेमरी भरत असेल तर रॅम. पहिल्या परिस्थितीत प्रॉक्सी, म्हणजे कमी रिझोल्यूशनच्या तात्पुरत्या प्रती, तयार करून एडिटिंग करावे आणि एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरून करावा. ही सोय प्रमुख एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतेच व तिला एक रुपयाही लागत नाही. डिस्क कमी पडत असेल तर १ टीबीची एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा बरीच वेगवान डिस्क) घ्यावी, कारण ती उद्या नव्या संगणकातही लावता येते. रॅमबाबत मी हात आखडता घेईन: आपल्या बोर्डावरची डीडीआर ४ रॅम डीडीआर ५ च्या नव्या बोर्डावर चालणार नाही.

विंडोज १० चा प्रश्न वेगाचा नसून सुरक्षिततेचा आहे, आणि तो टाळता येणार नाही. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची एक वर्षाची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्यात आली असून, मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केल्यास ती विनाशुल्क मिळते. या विषयातले काहीही करण्याआधी ग्राहकांच्या फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, ही माझी आग्रहाची विनंती आहे. एखाद्या घरचे लग्न पुन्हा चित्रित करता येत नाही.

आता नव्या संगणकाविषयी. १,६०,००० रुपये १६ टक्के दराने २४ महिन्यांत फेडायचे तर हप्ता सुमारे ७,८३० रुपये येतो आणि एकूण परतफेड १,८८,००० च्या आसपास जाते. संगणक चार वर्षे चालेल असे धरल्यास वर्षाला ४७,००० रुपये पडतात. गेल्या सराईत आपण प्रत्येकी १५,००० रुपयांची तीन कामे नाकारली, म्हणजे ४५,००० रुपयांची. तीही सगळी संगणकामुळेच गेली असतील तरच हिशेब जवळपास जुळतो. रात्री आपण झोपलेल्या असताना चालणाऱ्या एक्स्पोर्टला पैशात किंमत नाही. दिवसा टाइमलाइनसमोर थांबावे लागते, त्या तासांची आहे. ते तास प्रॉक्सीने किती वाचतात, हे आधी एका पूर्ण लग्नावर पाहावे.

हप्ते चातुर्मासातही भरावे लागतात, तेव्हा लग्नाची कामे जवळजवळ थांबलेली असतात. त्यातच २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात काही कुटुंबे विवाहमुहूर्त टाळतात, आणि कुंभमेळ्याच्या चित्रीकरणाची कामे हातात आल्याखेरीज ती उत्पन्नात धरू नयेत. घर बहुतांशी आपल्या कमाईवर चालते आणि महिन्याचा खर्च ३५,००० रुपये आहे, तेव्हा चार महिन्यांचे १,४०,००० रुपये मुदत ठेवीत असायलाच हवेत. आपली ठेव १,७०,००० ची आहे, म्हणजे आज मोकळे ३०,००० रुपये आहेत. त्यात एसएसडी व बॅकअपची डिस्क बसवावी, नवा संगणक नाही.

पुढील सराईत प्रत्येक कामाचे दहा टक्के वेगळ्या खात्यात टाकावेत आणि किमान निम्मी रक्कम साठल्यावर संगणकाचा विचार करावा. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (जिथे उलाढालीचा ठराविक टक्का नफा धरतात) आयकर विवरणपत्र भरत असाल तर घसाऱ्याची, म्हणजे संगणकाच्या दरवर्षी घटणाऱ्या किमतीची, वेगळी वजावट मिळत नाही, म्हणून करबचतीसाठी घाई करण्याचे कारण नाही. कोटेशन घेताना दुकानदाराकडून इतके लेखी घ्यावे की दिलेले ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसर एच.२६५ चे १० बिट ४:२:२ फुटेज हार्डवेअरमधूनच उलगडतो, आणि शक्य असल्यास आपली स्वतःची एखादी क्लिप पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानातच चालवून पाहावी.